घण कोण मारणार?

घरी लोहारकामाची भट्टी घालायची म्हटलं की सगळे एकच सल्ला देतात, ऑनलाइन मागव. मिळते ना, रंग दिलेली चकचकीत ऐरण मिळते, पण बऱ्याचदा ती बिडाची म्हणजे ओतीव लोखंडाची निघते. बिडावर घण बसला की कड उडते आणि आवाज येतो तोही मेलेला. मला जुनी, वापरलेली, पोलादी ऐरण पाहिजे होती आणि जमलं तर तिच्यासोबत सांडशा, छिन्न्या, भोकं पाडायचे सुंबे, भाता, एकाच लोहाराच्या हातचं सगळं. नाशकात बसून ते होणार नव्हतं. बायकोचं आजोळ अमळनेरकडचं, म्हणून दत्तजयंतीच्या सुमारास दोघं गाडी काढून खान्देशात निघालो.

आधी सारंगखेडा. तापीकाठी एकमुखी दत्ताचं देऊळ, यात्रा आणि घोडेबाजार. घोडे देखणे होते यात वाद नाही, पण मी अर्धा दिवस लोखंडी सामानाच्या पालांपुढेच उभा होतो. एक घिसाडी कुटुंब रस्त्याच्या कडेला बसलेलं, नवरा खाली बसून सांडशीत पट्टी धरून, पोरगं पंखा फिरवतंय आणि बायको उभी राहून घण मारतेय, एक ठोका इकडेतिकडे नाही. त्यांना ऐरण विकता का असं विचारायचं माझ्या मनातही आलं नाही, ती त्यांच्या रोजच्या पोटाची वस्तू. दोन विळे घेतले. गर्दी मात्र अशी की धड चालता येईना, आणि राहायच्या खोलीचा भाव ऐकून आम्ही रात्रीच दोंडाईच्याला आलो, तिथे शेवभाजी खाल्ली आणि झोपलो.

पुढचे दिवस भंगाराच्या दुकानांत गेले, त्यातल्या एकाच ठिकाणाबद्दल लिहितो, गावाचं नाव नको. तिथे खरी विलायती ऐरण होती. पोटावर तीन आकडे कोरलेले, १ · ० · १४. जुन्या इंग्रजी ऐरणींवर वजन असं लिहायचे, पहिला आकडा हंड्रेडवेटचा म्हणजे ११२ पौंड, दुसरा त्याच्या चौथाईचा म्हणजे २८ पौंडांचा आणि तिसरा सुटे पौंड. म्हणजे ही १२६ पौंडांची, साधारण ५७ किलो. अक्षरश: हरखून गेलो मी. आणि मग बाजू बदलून बघितलं तर शिंग, ऐरणीचं पुढचं निमुळतं टोक, गॅस कटरने कापलेलं! का, तर ट्रकमध्ये चढवताना अडत होतं. बरं नुसतं कापून थांबले नाहीत, वरच्या तोंडावरही गॅस मारलेला. मी खिशातला बेअरिंगचा छर्रा दहा इंचांवरून सोडला, चांगली ऐरण तो आठ इंचांच्या वर परत फेकते, इथे चारसुद्धा नाही. पोलादाचं पाणीच, म्हणजे कडकपणाच, उतरलेलं. एवढं करून मालक अँटिक म्हणून भाव सांगतो. ज्या वस्तूवर दोन-तीन पिढ्यांनी काम केलं असेल ती दोन मिनिटांत मारून टाकली, याचा राग अजून गेलेला नाही. वर मला रेल्वे रुळाचा तुकडा दाखवला, म्हणे ह्याची ऐरण करा. चोरीचा किंवा बेकायदा मिळवल्याचा संशय असलेला रेल्वेचा माल बाळगणं १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे, लोकांना तो बिनधास्त विकला जातो आणि घेणारा अडकतो. नको म्हटलं आणि निघालो.

मग बायकोच्या मामांनी सांगितलं की चोपडा रस्त्याच्या आत एका गावात लोहारबाबा गेले, मुलगा वेल्डिंगचं दुकान चालवतो, बाबांचं सामान तसंच पडून आहे. गेलो. मुलाला सगळे आप्पा म्हणतात, माणूस सरळ, म्हणाला, किलोवर घेऊन जा, भंगारवाला ३०-३५ देतो, तुम्ही काय ते बघा. आम्ही बोलतोय तेवढ्यात आतून आजी, आप्पांच्या आई, आल्या. कथाईन उनात, कोना शेतस (कुठून आलात, कोणाचे आहात), अहिराणीत सगळी चौकशी झाली, बायकोचं आजोळ निघालं, चहा आला. आणि मग एकदम, "इकानी नही." विकायची नाही.

आप्पा समजवायला लागले तर त्यांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला विचारलं, "घण कोन मारी?"

माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं, कारण मी एकट्याने काम करायचं धरून चाललो होतो, उभं राहून, उंच लाकडावर ऐरण ठेवून, व्हिडिओत दाखवतात तसं. त्यांची ऐरण तशी नव्हतीच. बिनशिंगाची, चौकोनी, वीतभर तोंडाची, बाभळीच्या ओंडक्यात ठोकलेली आणि ओंडका जमिनीत गाडलेला. लोहार खाली बसतो, डावीकडे भट्टी, समोर ऐरण, उजवीकडे पाण्याची कुंडी, बसल्या जागेवरून हात पोचला पाहिजे, उठायचं नाही. आणि घण मारणारं माणूस समोर उभं. ते माणूस म्हणजे ह्या आजी. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी घण मारला होता, गावातल्या प्रत्येक वखराच्या पासेवर म्हणजे पात्यावर आणि बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेवर. ज्यांचं सामान म्हणून आम्ही आप्पांशी भाव करत होतो त्या मालकीणबाई चहा टाकत होत्या, आणि हे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही, ह्याचं मला फार वाईट वाटलं.

बायको म्हणाली, आजी, घण मी मारीन.

मग जे झालं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. आजींनी आप्पांना भट्टी पेटवायला लावली, कोळसा आला, ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा आत गेला. मला बसवलं आणि बायकोला उभं केलं. मला एकच काम, छोट्या हातोडीने जागा दाखवायची. हातोडी जिथे टेकेल तिथेच घण पडतो, आणि नुसत्या ऐरणीवर हातोडी टिंग केली की थांबायचं. तोंडाने काही बोलायचं नाही, बोललेलं ऐकूच येत नाही. बायकोचे पाय त्यांनी स्वत:च्या हाताने सरकवले, फाकवून, एक जरा मागे, म्हणजे घण निसटला तरी नडगीवर येत नाही. उचलताना वरचा हात घणाच्या तोंडाजवळ आणि खाली येताना तो दांड्यावरून घसरत दुसऱ्या हाताला येऊन मिळतो, जोर खांद्याचा नाही, वजन घणाचंच. पहिले ठोके वाकडे. नंतर नंतर असा ताल लागला की आप्पासुद्धा दारात येऊन उभे राहिले.

लोखंड कधी काढायचं तर पळसाच्या फुलाचा रंग आला की. मी लोहचुंबक नेलेलं, लावून बघितलं, चिकटलं नाही (साधारण ७७० अंशांच्या वर लोखंड चुंबकाला दाद देत नाही). आजींना त्या चुंबकाची गंमत वाटली, पण गरज कशाला ते काही त्यांना पटलं नाही. धार कडक करायला पाणी द्यायचं तेव्हा मात्र एवढं तापवायचं नाही, त्याच्या आधीचा लाल, आणि फक्त धारेची कड बुडवायची, मग मागच्या अंगात राहिलेली धग धारेकडे येते, घासून पांढऱ्या केलेल्या पात्यावर पिवळा, मग तपकिरी रंग चढतो, निळा व्हायच्या आत पुन्हा पाण्यात. मी गच्चीवर उघड्यावर भट्टी घालणार असं बोलून गेलो तर आजींनी कपाळाला हात लावला. उन्हात रंग दिसत नाही! लोहाराचं छप्पर इतकं खाली का असतं हे मला त्या दिवशी कळलं.

ऐरण दिली. पैसे किती ते त्यांनी बायकोच्या हातात हात घेऊन ठरवले, भंगाराच्या भावापेक्षा बरेच जास्त आणि मला ते कमीच वाटले. ओंडका उकरायच्या आधी हळद-कुंकू झालं, खंडेनवमीला करतात तसं. सगळ्या सांडशा त्यांनी जमिनीवर क्रमाने मांडल्या, चपट्या तोंडाची कशाला, गोल तोंडाची कशाला, आणि बायकोकडून परत म्हणवून घेतल्या. मोठी सांडशी राहू दिली, तिच्यावर त्यांचा जीव होता. आम्हीही मागितली नाही.

रात्री मामांच्या शेतात भरीत झालं, बामणोदची वांगी आणि कळण्याची भाकरी, हॉटेलात खान्देशी थाळी म्हणून जे देतात ते ह्याच्यापुढे काहीच नाही.

आता गच्चीचा बेत रद्द करून मागच्या बोळात पत्र्याचं छप्पर टाकतोय, खाली, पश्चिमेची बाजू बंद करून. ओंडका गाडून झाला, ऐरण बसली. राहिला भाता. लाकडी फळ्या शाबूत आहेत पण कातडं वाळून घडीवर फाटलंय. आप्पा म्हणतात इलेक्ट्रिक ब्लोअर लावा, स्वस्तात येतो, आणि काम चालेल हे मलाही माहीत आहे. तरी मी कातडं शिवणारा शोधतोय, कारण आजींनी येत्या पावसाळ्याआधी येऊन बघते असं बायकोला सांगितलंय.