भांडी बाजारातील गाळा ते बोर्डाची शाळा : आमची वाटचाल

गोदावरीला पूर आला की नाशिककर आधी दुतोंड्या मारुतीकडे पाहतात आणि मूर्तीच्या कोठवर पाणी चढले यावरून पुराचे माप सांगतात. २ ऑगस्ट २०१६ रोजी पाणी भांडी बाजारात शिरले, तेव्हा आमच्या बाइंडिंगच्या गाळ्यात ते कमरेपर्यंत आले होते. सार्वजनिक वाचनालय ज्या शहरात १८४० पासून आहे, तेथे पुस्तक बांधणाऱ्याला काम कमी पडणार नाही, या भरवशावर वडिलांनी हाताने चालणाऱ्या एका कटिंग मशीनवर हा व्यवसाय सुरू केला होता. खतावण्या, रजिस्टरे आणि ग्रंथालयांच्या जुन्या पुस्तकांची जुजबंदी, म्हणजे दोऱ्याने शिवून केलेली बांधणी, ही आमची कामे. पुठ्ठ्याचे गठ्ठे आणि बांधून तयार असलेला माल यांचा त्या एका दुपारी लगदा झाला. मशीन धुऊनपुसून पुन्हा चालू झाले, पण भिजलेला कागद वाळवून पूर्वीसारखा होत नाही. नदीपासून लांब आणि उंचावर जागा पाहायची, हे त्याच आठवड्यात ठरले.

दिंडोरी रस्त्यावरील एका गावात, एका शेतकरी कुटुंबाच्या मालकीची कौलारू इमारत आम्हाला भाड्याने मिळाली. गावात तिला आजही ‘बोर्डाची शाळा’ म्हणतात. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार लोकल बोर्डांकडे गेला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर तो त्यांच्याकडे आला. तरी लोकांच्या तोंडचे ‘बोर्ड’ काही सुटले नाही. येथील शाळा या कुटुंबाने दिलेल्या जागेत भरत असे, आणि पुढे स्लॅबच्या नव्या खोल्या झाल्यावर इमारत मालकांकडे परत आली. आम्ही पाहिली तेव्हा तिच्यात कांदा भरलेला होता.

इमारत किती जुनी, याविषयी पहिल्याच दिवशी आमची फसगत झाली. छपरावरून काढलेले एक कौल पालथे केले, तर त्याच्या पाठीवर ‘बेसल मिशन’ या नावाबरोबर १८६५ हा आकडा उमटलेला होता. शाळा दीडशे वर्षांची आहे असे आम्ही आनंदाने सगळ्यांना सांगत सुटलो. नंतर कळले की १८६५ हे मंगळूरच्या त्या कौलांच्या कारखान्याच्या स्थापनेचे वर्ष असून, पुढे कितीतरी वर्षे तोच आकडा छापात येत राहिला. तेव्हापासून आम्ही इमारतीचे वय सांगत नाही. काळ्या दगडाचे जोते, दोन फूट जाडीच्या चुन्यातील भिंती आणि सागवानी कैच्या, एवढेच दाखवतो.

ही खोली वर्गासाठी किती विचाराने बांधली होती, ते काम सुरू झाल्यावरच आम्हाला उमगले. फळा पूर्वेच्या भिंतीतच, गुळगुळीत गिलाव्यावर काळा रंग देऊन केलेला आहे. मुले त्याच्याकडे तोंड करून बसली की उत्तरेच्या खिडक्या त्यांच्या डाव्या हाताला येत, त्यामुळे उजव्या हाताने लिहिताना पाटीवर हाताची सावली पडत नसे. मुले तरटावर बसत, म्हणून खिडक्यांचे उंबरठे जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर आहेत. आमच्या शिलाईच्या बायकाही जमिनीवरच बसतात. मुलांच्या रांगा जेथे होत्या तेथेच त्यांच्या शिलाईच्या चौकटी मांडल्या आणि दिवसा दिवा लावण्याची गरज उरली नाही. दक्षिणेची ओसरी ऊन अडवत असल्यामुळे तेथे खळ शिजवतो. मैद्याच्या त्या खळीत मोरचूद घातलेले असते, त्यामुळे कसर लागत नाही. पण ते विषारी असल्याने पातेले कुलपात ठेवावे लागते.

सगळ्यात मोठी चूक आमच्या हातून भिंतींच्या बाबतीत झाली. खालच्या तीन फुटांना लोणा लागून पोपडे सुटत होते, म्हणून घाईघाईने तेवढ्या भागाला सिमेंटचा गिलावा करून घेतला. गावातील एक वयस्कर गवंडी म्हणाले होते, “दादा, पाणी कोंडलं की ते वर चढणार.” आम्ही ते हसण्यावारी नेले. पहिल्याच पावसाळ्यात ओल सिमेंटच्या वरच्या कडेपर्यंत चढली, हवा दमट राहिली आणि एका मोठ्या ऑर्डरच्या रजिस्टरांचे पुठ्ठे पापडासारखे वळले. जुन्या जोत्यात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतून भिंतीत चढणारे पाणी चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू उडून जाते, तर सिमेंटखाली वाट न मिळाल्याने ते भिंतीतच वर सरकते.

दिवाळीनंतर सगळे सिमेंट छिन्नीने सोलून काढले आणि त्याच गवंड्यांना बोलावले. त्यांनी ओसरीपुढे खड्डा करून कळीचा चुना विरवला, कित्येक दिवस तो पाण्याखाली ठेवला आणि मग त्यात वाळू व विटांची सुरखी कालवून पातळ थरांत गिलावा केला. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश कडक होतो, त्यामुळे प्रत्येक थराला पाणी मारत थांबावे लागले. तेवढे दिवस काम बंद होते आणि ग्राहकांची बोलणी खावी लागली. पुढच्या पावसाळ्यात मात्र पुठ्ठे सरळ राहिले.

फळा आम्ही बुजवला नाही. त्यावर आता ऑर्डरी लिहितो: किती फर्मे (छापील कागदाच्या घड्या), कोणते कापड, केव्हा द्यायचे. तेथे शिकलेले एक आजोबा आले होते. जुन्या सेलमधला काळा भुगा पाल्याच्या रसात खलून मुलांनीच हा फळा रंगवल्याचे त्यांनी सांगितले आणि आमचे अक्षर पाहून नापसंतीने मान हलवली.

दर वर्षी मे महिन्यात शाकारणी करावी लागते. माकडे आणि वादळ यांच्या कृपेने काही कौले फुटतातच, आणि हल्लीची कौले जुन्यांच्या खाचेत नीट बसत नाहीत. त्यामुळे आसपास कोठे जुने घर पाडले जात असल्याचे कळले की आम्ही टेम्पो घेऊन पोहोचतो. सध्या ओसरीत अशी साठ-सत्तर कौले रचून ठेवली आहेत. या पावसाळ्यापुरती ती पुरतील.