तुम्ही विचारलंत म्हणून: त्या दगडांना पाणी कधी घालायचं?

आमच्याकडे कोणीही आलं की चहा होईपर्यंत पूर्वेच्या खिडकीपाशी जातं आणि हमखास विचारतं, अहो या कुंडीत दगड का ठेवलेत? दगड नाहीत, झाडं आहेत ती, लिथॉप्स म्हणतात, असं सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न, मग पाणी कधी घालता, आठवड्यातून किती वेळा? गेल्या आठ वर्षांत हे इतक्या जणांनी विचारलंय की म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं.

आठवड्यातून वगैरे नाहीच. माझ्याकडे, पुण्यात, फ्लॅटच्या खिडकीत, अख्ख्या वर्षात आठ-नऊ वेळा. पण कधी घालायचं यापेक्षा कधी घालायचं नाही हे कळणं जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते मला दोन झाडं गेल्यावर कळलं.

पहिल्यांदा आणली तेव्हा तीन होती, पाच रुपयाच्या नाण्याएवढी. फेब्रुवारीत त्यातली दोन बाजूंनी सुरकुतायला लागली, हाताला मऊ लागायला लागली. ऊन चढत होतं, मला वाटलं तहानलीयत बिचारी, म्हणून कुंडी भरून पाणी घातलं, पुढच्या आठवड्यात परत घातलं. दोन दिवसांत टम्म फुगली आणि मला इतकं बरं वाटलं! जुलैत सहज बोट लावलं तर पार पिकलेल्या चिकूसारखी, आत नुसतं पाणी. तिसरं दुसऱ्या खिडकीत होतं, त्याच्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं, ते आजही आहे.

झालं काय होतं, तर या झाडाला साधारण वर्षाला पानांची एकच जोडी येते. बस्, एक. फूल येऊन गेलं की जुन्या जोडीच्या पोटात नवी जोडी तयार व्हायला लागते आणि ती स्वतःला लागणारं पाणी जुन्या पानांमधूनच ओढून घेते. म्हणजे जुनी पानं सुरकुततायत ती तहानेने नाही, ती आतल्या बाळाला पाजतायत. अशा वेळी आपण वरून पाणी घातलं की जुनी पानं जायचं नावच घेत नाहीत, नवी आत दबून राहतात, आणि मग पावसाळ्याची दमट हवा आली की सगळंच सडतं.

आता मी हे रोज बघते. संक्रांतीच्या आसपास मधली फट रुंद व्हायला लागते, आत वाकून बघितलं तर नवी जोडी दिसते, जुनीच्या बरोबर काटकोनात वळलेली, वरची नक्षी इतकी ताजी की ओली वाटते. जुनी पानं हळूहळू बसत जातात आणि पाडव्यापर्यंत कांद्याच्या पातळ सालीसारखी होऊन नव्यांच्या पायाशी चिकटून राहतात. ती कुरकुरीत वाळली की मगच पहिलं पाणी, एकदम भरपूर, खालच्या भोकातून वाहून जाईपर्यंत. मग मे महिन्यात फार आकसली तर संध्याकाळी थोडंसं. पावसाळ्यात जवळजवळ बंद, सलग चार दिवस ऊन पडलं तरच. खरं पाणी नवरात्र ते तुळशीचं लग्न, कारण फुलं याच दिवसांत येतात, आणि त्यानंतर परत पूर्ण बंद.

हे मूळचं नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेतलं, तिथल्या खडकाळ कोरड्या जमिनीवर खड्यांमध्ये खडा होऊन बसलेलं असतं. १८११ मध्ये विल्यम बर्चेल नावाच्या इंग्रज प्रवाशाने दक्षिण आफ्रिकेतल्या प्रीस्का गावाजवळ एक विचित्र आकाराचा खडा म्हणून उचलला तर तो झाड निघाला. लिथॉप्स हे नाव १९२२ मधलं, ग्रीकमध्ये दगडासारखं दिसणारं. पुढे डेस्मंड कोल म्हणून भाषेचे प्राध्यापक होते, ते आणि त्यांच्या पत्नी नॉरीन यांनी वर्षानुवर्षं हिंडून याच्या जवळपास ४०० वसाहती नोंदवून ठेवल्या. एका इवल्याशा झाडासाठी! मला त्या दोघांबद्दल फार आदर वाटतो.

तिथे हे बरंचसं जमिनीत गाडलेलंच असतं आणि पानांचे माथे अर्धपारदर्शक असतात, त्यातून उजेड आत उतरतो आणि आतल्या हिरव्या भागाला मिळतो. म्हणून यांना सकाळचं चार-पाच तास खरं ऊन पाहिजे, टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये ठेवलीत तर मान लांब करून वर येतात आणि मग परत बसकी होत नाहीत. माती नाममात्र, बाकी सिंडर आणि प्युमिस (दोन्ही हलके, सच्छिद्र खडे) आणि जाड वाळू, आणि कुंडी चार इंच तरी खोल कारण मूळ सरळ खाली जातं. भोक नसलेल्या काचेच्या बाऊलमध्ये लावून गिफ्ट म्हणून विकतात ना, ते बघवत नाही मला.

फूल चौथ्या वर्षी आलं. ऐन दिवाळीत, दुपारी उमललं, पिवळंधमक, खालचं झाड पूर्ण झाकून टाकणारं, आणि संध्याकाळी मिटलं. बी धरायला दुसरं झाड लागतं, म्हणून नंतर आणखी आणली आणि गेल्या खेपेला ब्रशने पराग लावले. बोंड वाळल्यावर त्यावर ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब टाकला, आणि बघता बघता त्याच्या पाकळ्या उघडल्या, चांदणीसारख्या, आत खसखशीपेक्षा बारीक बी. वाळलं की परत मिटतं. तिकडे पाऊस आला तरच बी बाहेर पडावं म्हणून ही सोय. मी त्या दिवशी चार वेळा उघडून बघितलं.

त्यातली अकरा रोपं जगलीत, वय एक वर्ष, आकार साबुदाण्याएवढा. काही जणांनी मागून ठेवलीयत, पण अजून दोन वर्षं तरी मी ती कोणाला देणार नाहीये. तोवर तुमच्या घरचं फेब्रुवारीत सुरकुतलं तर फट बघा, आत नवं पान दिसत असेल तर पाण्याला हात लावू नका, आणि काही कळलं नाही तर फोटो पाठवा, मी बघून सांगते.