उलट्या क्रमाचे खडक: सिक्कीममधल्या नकाशाकामाचा माझा अनुभव

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी उत्तर सिक्कीममध्ये मंगन ते चुंगथांग या पट्ट्यातल्या रूपांतरित खडकांचा, म्हणजे उष्णता आणि दाबामुळे बदललेल्या खडकांचा, नकाशा केला. भूशास्त्रातलं इतकं सुंदर काम मी दुसरं केलेलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो थर ओळखण्यात. खडकात दिसणारा प्रत्येक पदर मूळच्या गाळाचा थर असतोच असं नाही. दाबाखाली अभ्रकाचे पापुद्रे एकाच दिशेला वळतात आणि खडक त्या नव्या दिशेने फुटू लागतो. मूळ थर हवा असेल तर क्वार्टझाइटचा, म्हणजे मुळात वाळूच्या असलेल्या खडकाचा, पट्टा शोधायचा. घडीच्या वळणापाशी तो पापुद्र्यांना आडवा छेदून जाताना स्पष्ट दिसतो. त्यामुळे दोन्हींचा कल मी कायम वेगवेगळा नोंदवला.

नाव देण्याची पद्धत सोपी आहे. सेंटिमीटरपेक्षा पातळ पदरांत सुटतो तो शिस्ट, जाड पट्ट्यांचा तो नाइस. त्या नावाआधी खनिजं जोडायची, सगळ्यात कमी असलेलं आधी: गार्नेट-बायोटाइट शिस्ट.

पण नकाशावरच्या खऱ्या रेषा खनिजांच्या असतात: एखादं खनिज जिथे पहिल्यांदा दिसतं तिथे त्याची रेषा. कोणतं खनिज आहे त्यावरून खडक किती तापला ते कळतं. जॉर्ज बॅरो यांनी 1893 साली स्कॉटलंडमध्ये दाखवलेला, कमी तापमानाकडून जास्त तापमानाकडे जाणारा क्रम इथेही मिळतो: क्लोराइट, बायोटाइट, गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट, सिलिमनाइट. फरक एवढाच की इथे थर उत्तरेकडे कललेले आहेत, म्हणजे उत्तरेला जाताना आपण वरच्या थरांत शिरतो, आणि तरीही तापमान वाढत गेल्याचं दिसतं! एरवी खालचा खडक जास्त तापलेला असायला हवा; इथे जास्त तापलेला खडक वर, कमी तापलेला खाली. मेन सेंट्रल थ्रस्ट या हिमालयातल्या मोठ्या भ्रंशावरून खडक सरकण्याशी याचा संबंध आहे हे बहुतेकांना मान्य आहे. नेमकं कसं, यावर वाद चालू आहे.

कायनाइटची निळसर पाती हातात आली की मी चाकू काढायचे. लांबीच्या दिशेने ओरखडा उठतो, आडवा उठत नाही. सिलिमनाइटच्या सुया मात्र इतक्या बारीक की बऱ्याचदा खडकाचा 0.03 मिलिमीटर जाडीचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावरच खात्री व्हायची.

हे काम करणाऱ्यांना एकच सांगेन: ही खनिजं मुळात चिखलाच्या असलेल्या खडकातच शोधा. क्वार्टझाइटमध्ये त्यांना लागणारं ॲल्युमिनियम पुरेसं नसतं, त्यामुळे तिथे गार्नेट दिसलं नाही म्हणून खडक कमी तापला असं ठरवता येत नाही. अशा भागात गार्नेटची रेषा मी तुटक काढली. मार्गदर्शकांनीही ती तशीच ठेवायला सांगितली.