साप माणसाला वासावरून ओळखतो का?

माझ्या फ्लॅटमेटने कॉर्न स्नेक पाळलाय हे कळल्यापासून घरून फोन आला की आधी सापाची चौकशी आणि मग माझी. आणि प्रश्न ठरलेला, तो तुम्हाला ओळखतो का गं? तर एकदाच लिहून टाकते. ओळखतो, पण चेहऱ्याबिहऱ्यावरून नाही, मुख्यतः वासावरून.

नाकपुड्यांनी वास येतोच त्याला, पण खरं काम जिभेचं. ती सारखी आतबाहेर करते ना, तेव्हा हवेतले, जमिनीवरचे, आपल्या कातडीवरचे वासाचे कण उचलते आणि टाळूत वास ओळखणारा एक अवयव, जेकबसन्स ऑर्गन, असतो तिकडे पोचवते (लुडविग जेकबसन या डॅनिश डॉक्टरने 1813 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव). जिभेला दोन टोकं, त्यामुळे वास डावीकडून जास्त येतोय की उजवीकडून तेही कळतं. गंमत म्हणजे जीभ काढायला तोंड उघडावं लागत नाही, वरच्या ओठाला मधोमध बारीक खाच असते तिथून ती बाहेर येते.

मी नवीन हँडक्रीम लावून हात पुढे केला त्या दिवशी नुसती फटाफट जीभ, बोटांवर, मनगटावर, परत बोटांवर, आणि मान मागे घेतलेली. फ्लॅटमेटच्या हातावर मात्र दोन-चारदा जीभ लावली की साहेब सरळ बाहीत.

आता याला लळा म्हणायचं का, तर मला नाही वाटत. हा वास नेहमीचा आहे आणि याच्यापासून त्रास होत नाही, एवढं त्याच्या डोक्यात बसलेलं असतं, बास. म्हणून तर नवीन साप आणला की बरेच लोक आपला वापरलेला टीशर्ट त्याच्या पेटीत ठेवतात. पण हाताला उंदराचा वास असला तर मालकबिलक काही नाही, खाणं समजून चावतो.

घोरपड, टेगू नावाचा मोठा सरडा, यांचंही असंच, लांब दुभंगलेली जीभ. कासव नाकाने हुंगतं, आणि सरडे सगळे सारखे नसतात, शॅमेलिऑनचा सगळा भर डोळ्यांवर, त्याला तुमच्या वासाचं फारसं पडलेलं नसतं.

आई, हात मी धुते गं. त्याला हातात घ्यायच्या आधी बिनवासाच्या साबणाने, त्याचा गोंधळ नको म्हणून, आणि नंतर परत, कारण या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.