साठ, आठ आणि नादकाटा

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याचे निमंत्रण आले, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. मी श्रवणतज्ज्ञ कसा झालो, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो आणि त्याचे उत्तर जुन्या नाशकातल्या तांबट लेनपासून सुरू होऊन शाळेच्या प्रयोगशाळेतून पुढे जाते.

आमच्या घरात तीन पिढ्या हंडे, घागरी आणि बंब घडवले जात. सकाळी उजाडता उजाडता ठोकणी सुरू होई, ती दिवेलागणीपर्यंत. अण्णा, म्हणजे माझे वडील, हातोडीच्या आवाजावरून पत्र्याची जाडी सांगत. भांडे कुठे पातळ राहिले आहे हे त्यांना डोळ्यांआधी कानाला कळे. त्याच कानांनी त्यांना चाळिशीत दगा दिला. गिऱ्हाईक ‘साठ’ म्हणाले की त्यांना ‘आठ’ ऐकू येई आणि भावावरून विनाकारण वाद होत. म्हणून शाळा सुटल्यावर मी दुकानात त्यांच्या शेजारी पाटी घेऊन बसू लागलो. गिऱ्हाईक बोलले की आकडा लिहून पाटी त्यांच्यापुढे सरकवायची, एवढेच माझे काम होते. हे काम मला कुणी सांगितले नव्हते आणि माझ्या थोरल्या भावाला ते कधी जमलेही नसते.

हा भाऊ याच शाळेत माझ्या दोन वर्षे पुढे होता, त्यामुळे अनेकांना तो आठवत असेल. स्नेहसंमेलनाचे सूत्रसंचालन त्याच्याशिवाय होत नसे. घर एकच, ठोकणीचा आवाज एकच, आईवडिलांचा धाक आणि माया दोघांच्याही वाट्याला सारखीच. तरीही त्याला गिऱ्हाइकाशी बोलण्यात आनंद वाटे आणि मला गिऱ्हाईक काय बोलते ते नीट टिपण्यात. घरची परिस्थिती माणसाला घडवते असे आपण सहज म्हणतो आणि ते खरेही आहे, परंतु तीच परिस्थिती दोन स्वभावांना दोन वेगळे प्रश्न विचारते, हे मला आमच्या दोघांकडे पाहून फार उशिरा उमगले.

नववीत विज्ञानाच्या बाईंनी ध्वनीचा पाठ घेताना लाकडी पेटीतून नादकाटा काढला. त्याच्यावर ५१२ हा आकडा कोरलेला होता. रबरी ठोकळ्यावर आपटून त्यांनी तो प्रत्येकाच्या कानाजवळ धरला आणि एका सेकंदात ५१२ कंपने म्हणजे काय ते समजावले. मी वर्गात क्वचितच बोलत असे, पण त्या दिवशी तास संपल्यावर थांबून तो एका रात्रीसाठी घरी नेण्याची परवानगी मागितली. बाईंनी कारण विचारले, ऐकून घेतले आणि पेटीच माझ्या हाती दिली. शाळेच्या वस्तू सांभाळण्याबाबत त्या किती काटेकोर होत्या हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या विश्वासाची किंमत कळेल.

रात्री मी नादकाटा अण्णांच्या कानाशी धरला. त्यांना तो ऐकू आला! मग बोललेले का कळत नाही, हा प्रश्न मी दुसऱ्या दिवशी बाईंना विचारला. त्यांनी उत्तर माहीत असल्याचा आव आणला नाही. ‘हे तूच शोधून काढ’ एवढेच त्या म्हणाल्या.

उत्तर मिळायला पुढची अनेक वर्षे लागली. सततच्या मोठ्या आवाजाने आंतरकर्णातल्या सूक्ष्म केसपेशी मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत, आणि पहिला घाव बहुधा ४००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४००० कंपनांच्या, आसपास बसतो. स्वर खालच्या पट्टीतले असल्याने ऐकू येतात. ‘स’, ‘श’ यांसारखी वरच्या पट्टीतली व्यंजने हरवतात. ‘साठ’मधला ‘स’ गेला की ‘आठ’ उरतो. ‘आवाज येतो, पण शब्द लागत नाही’ हे वाक्य आज माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक कारखान्यातला माणूस उच्चारतो, आणि प्रत्येक वेळी मला ती पाटी आठवते. इटालियन वैद्य रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी व्हेनिसच्या तांबटांच्या बहिरेपणाची नोंद करून ठेवली होती, हे वाचले त्या दिवशी मात्र माझे डोळे भरून आले.

बारावीनंतर घरात खूप चर्चा झाली. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आयटीआय झालेल्या मुलांना काम मिळत होते, मामा नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमध्ये होते आणि त्यांच्या मते तिथली नोकरी म्हणजे जन्माची निश्चिंती. सल्ला प्रेमाचा होता. परंतु मी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेचे नाव काढले, तेव्हा अण्णांनी फक्त एवढेच विचारले, ‘तिथे काय शिकवतात?’ मी पाटीवर लिहिले, ‘कान’. त्यांनी बराच वेळ पाटीकडे पाहिले आणि फीची सोय केली. त्यासाठी घरातला सर्वांत मोठा बंब मोडीत गेला, हे मला आईने पुष्कळ वर्षांनी सांगितले.

आता पालक मुलांच्या कल चाचण्यांचे अहवाल घेऊन सल्ला मागायला येतात. या चाचण्यांना मी कमी लेखत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ साली व्यक्तिमत्त्वाचे सहा प्रकार आणि त्यांना मानवणारी कामे यांची जी मांडणी केली, ती मला आजही उपयोगी वाटते. तिच्यानुसार मी बहुधा ‘शोधक’ आणि ‘सेवाभावी’ यांच्या मध्ये कुठेतरी बसलो असतो. परंतु शोध कशाचा घ्यायचा, हे अहवाल सांगत नाही. म्हणून मी मुलांना आधी घरचे विचारतो: घरात कोण काय काम करते, आणि त्यात तुला काय खुपते? या दुसऱ्या प्रश्नावर मुले थोडी थांबतात आणि मग भरभरून बोलतात.

भावाने दुकान वाढवले. त्याच्या कारागिरांनी कानात बोळे घालावेत म्हणून मी कित्येक वर्षे तक्ते आणि आलेख दाखवत राहिलो. आठ तास ८५ डेसिबलच्या वर काम केले तर काय होते ते समजावत राहिलो. कुणी बधले नाही, कारण कान झाकला की भांड्याचा सूर कळत नाही, हे त्यांचे म्हणणे खरे होते. शेवटी भाऊच त्यांच्याबरोबर चहाला बसला. जाड ठोकणीला बोळे घालायचे आणि शेवटच्या मठारकामाला काढायचे, अशी वाटणी त्याने आठवडाभरात सर्वांच्या गळी उतरवली. गेल्या महिन्यात मी तिघांच्या कानांची तपासणी केली. तीन वर्षांपूर्वीच्या आलेखाहून नवी रेघ कुठेही खाली गेलेली नव्हती.