पुण्यात बसून कच्छचा दगड ओळखताना

शंखशिंपले दिसणारा दगड पुण्यात हाती आला, की आधी एकच विचारायचं: हा आला कुठून? आपल्या पायाखालचा काळा पाषाण, बेसॉल्ट, म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेला लाव्हा. त्यात समुद्री जीव सापडत नाहीत. टेकडीवर मिळणारी पांढरी 'फुलं' आणि गोल पोकळीतले पंखे बहुधा झिओलाइट या खनिजाचे स्फटिक असतात. फरशीवरची शेवाळासारखी काळी नक्षी मँगनीजच्या ऑक्साइडची.

माझ्याकडचा तुकडा नातेवाइकांनी कच्छहून आणलेला. 9 × 7 × 5 सेंटिमीटर, तपकिरी, वजन 620 ग्रॅम. वर दोन शिंपले, बंदुकीच्या गोळीसारखा एक कांडा आणि वळलेल्या शंखाचा भाग.

साफसफाई फक्त पाण्याने आणि मऊ टूथब्रशने केली. बाथरूम क्लीनरमध्ये बुडवायचा मोह टाळाच. कवच आणि खडक दोन्ही कॅल्साइट या चुन्याच्या खनिजाचे असले, तर क्लीनरमधलं आम्ल दोन्हीला सारखंच खातं आणि आधी बारीक रेघा पुसल्या जातात. चाचणीसाठी दगडाच्या मागच्या बाजूला खिळ्याने खरवडलं, पुडीवर पांढऱ्या व्हिनेगरचा एक थेंब टाकला आणि लगेच धुऊन काढलं. बारीक बुडबुडे आले, म्हणजे कॅल्साइट आहे. व्हिनेगर मंद असतं, म्हणून पूड करावी लागते. पण एवढ्यावर चुनखडक ठरवू नका. आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांतही कॅल्साइट असतं आणि तेही फसफसतं.

खरा उलगडा झाला तो मागची बाजू घासल्यावर. आधी 400 आणि मग 1000 नंबरचा पॉलिश पेपर, पाणी घालून, प्रत्येकी दहा मिनिटं. ओल्या पृष्ठभागावर 10× भिंग धरलं तर अख्खा दगड गाबोळीसारखा दिसला: मिलिमीटरपेक्षा लहान गोल दाणे, आणि कापल्या गेलेल्या दाण्यात कांद्यासारखी एकात एक वर्तुळं. वाळूच्या कणात ही वर्तुळं नसतात. हा ऊलाइट. लोहामुळे आलेला तपकिरी रंग आणि कच्छचा पत्ता धरला, तर 'ढोसा ऊलाइट' या ज्युरासिक थराशी, म्हणजे सुमारे 16 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाशी, ते चांगलं जुळतं.

आता शिंपले. इथे सगळ्यात जास्त गल्लत होते. खाण्यातल्या तिसऱ्या आठवा: दोन्ही कवचं एकमेकांचं प्रतिबिंब, पण एकच कवच मधोमध विभागलं तर दोन बाजू सारख्या नसतात. ब्रॅकिओपॉड, म्हणजे शिंपल्यासारखे दिसणारे पण वेगळ्या गटातले समुद्री प्राणी, यांच्यात नेमकं उलट. प्रत्येक कवच डावी-उजवीकडे सारखं, पण दोन कवचं लहानमोठी, आणि मोठ्याच्या चोचीपाशी देठ बाहेर पडायचं बारीक भोक. माझ्या दोन्ही नमुन्यांत ते भोक मातीने बुजलं होतं. लाकडी टूथपिकने मोकळं केल्यावर दिसलं. ठसठशीत बरगड्या आणि कवचं मिटतात तिथली करवतीसारखी नागमोडी रेघ, म्हणजे ब्रॅकिओपॉडमधला रिंकोनेलिड गट. ऑयस्टरच्या कुळात मात्र हा नियम फसतो, त्यांची दोन कवचं एकसारखी नसतात.

गोळीसारख्या कांड्याला लोक दात समजतात. तुटलेलं टोक भिंगाखाली धरा. मध्यापासून कडेपर्यंत सायकलच्या आऱ्यांसारखे तंतू दिसले तर बेलेम्नाइट, माखलीच्या नात्यातला प्राणी.

वळलेला शंख एकाच पातळीत गुंडाळलेला होता, गोगलगाईसारखा वर चढत जाणारा नव्हता. टॉर्च अगदी आडवा धरला, तेव्हा कवच उडालेल्या जागी पानाच्या कडेसारख्या वळणदार रेघा उठल्या. आतल्या कप्प्यांच्या भिंती कवचाला जिथे टेकायच्या, तिथल्या या सांध्याच्या रेघा. अमोनाईटची, म्हणजे माखलीच्याच नात्यातल्या शंखधारी प्राण्याची, खात्रीची खूण हीच, आणि कवच शाबूत असलेल्या नमुन्यावर ती दिसतच नाही. देवघरातल्या शाळिग्रामावरचं चक्रही अमोनाईटचंच. माझ्या तुकड्यात बरगड्या बाहेरच्या कडेकडे जाताना दुभंगतात, म्हणून पेरिस्फिंक्टिड कुळापर्यंत पोचता आलं. अख्खा शंख नसताना त्यापुढचं नाव लावणं मला पटत नाही.

फोटो काढताना शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा. रुपयाचं नाणं नको, त्याचे आकार बदलत आले आहेत. प्रत्येक जीवाश्माचे वरून, बाजूने आणि चोचीकडून असे तीन फोटो घ्या. आघारकर संशोधन संस्थेत किंवा विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात तज्ज्ञांना दाखवायचं, तर आधी वेळ मागून घ्या आणि दगडासोबत चिठ्ठी न्या: गाव, ओढा की टेकडी, थरातून काढला की सुटा पडलेला मिळाला. ही चिठ्ठी नसली तर उत्तम जतन झालेला नमुनाही अभ्यासाला फारसा उपयोगी पडत नाही.

रिंकोनेलिडची जात ठरवायला कवच चोचीकडून थोडं थोडं घासत आतली रचना टप्प्याटप्प्याने नोंदवावी लागते, आणि त्यात नमुना संपतो. माझ्याकडे दोनच आहेत. लेबलवर 'रिंकोनेलिड, कच्छ' एवढंच लिहिलं आहे.