हायड्रोजन लावलाच नव्हता

मागच्या जुलैतली गोष्ट. सांगलीत पाऊस असा की सकाळपासून ग्रुपवर नुसती आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी, आणि आमच्या फार्मसी कॉलेजात एम. फार्मची एक पोरगी लॅपटॉप घेऊन दारात उभी, मॅडम सोमवारी प्रेझेंटेशन आहे, स्कोअर बघा ना. म्हणजे डॉकिंगचे, औषधाचा रेणू शरीरातल्या प्रथिनाच्या खळग्यात किती बरा बसतो त्याचा कॉम्प्युटरचा अंदाज, जितका मायनस तितका चांगला. बघितलं तर मायनस ११.२! मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन ज्या प्रथिनाला जाऊन चिकटतं त्या ५-एचटी२ए रिसेप्टरवर तिनं पंचवीसेक नवीन रेणू डॉक केलेले आणि पहिल्या नंबरच्यानं रिस्पेरिडोनलाही, म्हणजे मानसिक आजारावरच्या वापरातल्या औषधालाही, मागं टाकलेलं. इतकं गोड दिसलं की मला संशयच येतो, सवयच आहे ती.

म्हटलं, अगं रीडॉकिंग केलंस का? म्हणजे रिसेप्टरच्या ज्या क्रिस्टल स्ट्रक्चरवर, अणूंच्या जागांच्या नकाशावर, काम चाललंय (महापूर आला त्याच वर्षी, २०१९ ला आलेलं), त्यात बसलेलं रिस्पेरिडोन काढायचं आणि सॉफ्टवेअरला परत बसवायला लावायचं, मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या (अणूंमधली अंतरं मोजायचं एकक) आत आलं तरच पुढचं बोलायचं. केलं नव्हतं. आता केलं तर चक्क उलटं, रिस्पेरिडोनचं बेन्झिसोक्साझोल नावाच्या कड्यांचं जे टोक खाली खोल खळग्यात जायला पाहिजे ते वर तोंडाशी. पोरगी रडायच्या बेतात.

तासभर ग्रिड बघ, हे बघ, ते बघ, शेवटी मी रिस्पेरिडोनच्या नायट्रोजनवर क्लिक केलं. चार्ज शून्य. आता या रिसेप्टरच्या तिसऱ्या हेलिक्सवर (प्रथिनाच्या मळसूत्री वळणावर) १५५ नंबरला ॲस्पार्टिक ॲसिड आहे, त्यावर ऋण चार्ज, आणि सेरोटोनिन काय, रिस्पेरिडोन काय, एलएसडी काय, सगळ्यांचा अमाइन नायट्रोजन प्रोटॉन, म्हणजे धन चार्जचा हायड्रोजन, घेऊन धन होतो आणि तिथंच जाऊन चिकटतो. पण ३ अँगस्ट्रॉमच्या स्ट्रक्चरमध्ये हायड्रोजन दिसतच नाहीत, आपणच लावायचे असतात, आणि डाउनलोड केलेल्या फाइलीत रेणू न्यूट्रल. एवढंच झालेलं. प्रोटॉन लावला, रन दिला, रिस्पेरिडोन सुलटं आत. फरक १.४ अँगस्ट्रॉम.

खरी पंचाईत पुढंच होती. तिच्या एक नंबरच्या रेणूत पाइपरझिनचा (दोन नायट्रोजनवाल्या कड्याचा) एक नायट्रोजन कार्बोनिलला, कार्बन-ऑक्सिजनच्या जोडीला, लागून, म्हणजे अमाइड, आणि दुसरा फिनाइल रिंगवर. दोघंही शरीरातल्या ७.४ पीएचला प्रोटॉन घेणारे नव्हेत. मग तो स्कोअर कशाचा? नुसत्या आकाराचा, मोठा रेणू जास्त ठिकाणी टेकतो म्हणून जास्त मार्क. आणि नेमका हाच तिनं दीड महिना घालवून बनवूनही ठेवलेला, डेसिकेटरमध्ये, ओल लागू न देणाऱ्या बंद भांड्यात, बाटली.

मी काही बोलले नाही, भडंगाची पुडी पुढं सरकवली. खाता खाता तीच म्हणाली, मॅडम, एलएएचनं (लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइडनं) रिड्यूस केलं, ऑक्सिजन काढून टाकला तर? कार्बोनिल गेला की अमाइडचा अमाइन होईल, नायट्रोजन बेसिक, म्हणजे प्रोटॉन घेणारा, आणि बाटली पण वाया जाणार नाही. खरं सांगते, मला हे सुचलं नव्हतं.

पण लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइडचं आणि ओलाव्याचं उभं वैर, आणि आमच्या लॅबच्या भिंतींना तेव्हा ओल आलेली. म्हटलं, बाई, आधी पाणी उतरू दे.